तिसरा रकाना

बसू नका, दोन्ही गट उभेच राहा. लॅपटॉप मिटवा. मी जे सांगणार आहे ते पडद्यावर दिसणारं नाही.

काल प्रयोगशाळेत जे झालं ते तुम्ही वहीत ‘किरकोळ बग, दुरुस्त केला’ असं लिहिलंत. ती ओळ मी खोडली आहे. काय झालं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कुठे चुकले तर थांबवा. पहिल्या गटाने दूध संकलन केंद्राचा प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या गटाने दहा दिवसांनी निघणाऱ्या दुधाच्या पगाराचा लिहिला. दोघांच्या मध्ये एक एक्सएमएल फाइल. परवापर्यंत सगळं चालत होतं. काल सकाळी पहिल्या गटाने लॅक्टोमीटरचं रीडिंगही पाठवायचं ठरवलं आणि ते फॅटच्या आधी घातलं. दुसऱ्या गटाचा प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीतला तिसरा रकाना म्हणजे फॅट असं धरून बसला होता. त्याला तिथे २८ मिळाले. त्याने २८ फॅटचं बिल काढलं आणि छापूनही दिलं.

गाईच्या दुधाचा दर आपल्याकडे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून ठरतो, म्हशीच्या दुधाचा ६ आणि ९ धरून. हे मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. भूम, परंडा, कळंबकडची मुलं आहात तुम्ही. तुमच्यातले कितीतरी जण सकाळी डेअरीवर कॅन पोचवून मग एसटी पकडून कॉलेजला येतात. तुमच्या आजीला २८ फॅट सांगितला असता तर तिने मापाची बाटली पुन्हा धुवायला लावली असती. आजीला जे कळतं ते तुमच्या प्रोग्रॅमला का कळू नये? तुम्ही त्याला ते शिकवलंच नाहीत म्हणून.

मी विचारलं, चूक कोणाची? पहिला गट म्हणाला, “मॅडम, त्यांनी चुकीचं वाचलं.” दुसरा म्हणाला, “मॅडम, यांनी न सांगता बदललं.” दोघांचंही म्हणणं खरं आहे आणि दोघंही गुन्हेगार आहात. पण या दोन उत्तरांनी मला राग आला नाही. तिसऱ्या उत्तराने आला. तुमच्यातल्या सगळ्यात हुशार मुलाने उठून सुचवलं, “आम्ही दोन्ही गट एकच लायब्ररी वापरतो, एकाने बदललं की दुसऱ्याकडे आपोआप बदलेल.” आणि तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्यात.

त्याचं उत्तर नीट ऐका. तशी लायब्ररी दिलीत की तुम्ही दुसऱ्या गटाला माहिती देत नाही, तुमच्या घराची किल्ली देता. आज तुम्ही दोघं एका खोलीत, एका भाषेत, एकाच वर्षाच्या विंडोजवर काम करता. उद्या संकलन केंद्र एखाद्या वाडीवर असेल, तिथला संगणक दहा वर्षं जुना असेल, पगाराचा प्रोग्रॅम दुसऱ्याच कोणी दुसऱ्याच भाषेत लिहिलेला असेल. तिथे तुमची लायब्ररी चालणार नाही. चालली तरी दर वेळी दोन्हीकडे एकाच रात्री नवी बसवावी लागेल. पन्नास केंद्रं असतील तर पन्नास ठिकाणी. एकाने जागा सोडली की दुसरा पडतो, याला दोन प्रणाली म्हणत नाहीत. तो एकच प्रोग्रॅम आहे, मधून तुटलेला.

कपलिंग हा शब्द तुम्ही परीक्षेत व्याख्येसकट लिहिता. मी तुम्हाला खरं कपलिंग दाखवते, तुमच्या जिल्ह्यातलं. येडशीवरून जाणारी बार्शी लाइट रेल्वे तुमच्या आजोबांनी पाहिली आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ती उभी केली. १८९७ साली बार्शीपासून कुर्डुवाडीपर्यंत सुरू झाली, १९११मध्ये लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. कुर्डुवाडीला समोर मोठी लाइन, तिचं अंतर साडेपाच फूट. अडीच फुटांचा डबा साडेपाच फुटांच्या रुळांवर जाऊच शकत नाही. मग काय केलं? मोठ्या लाइनीला अरुंद व्हायला सांगितलं नाही, लहान लाइनीचं कामही अडून राहिलं नाही. कुर्डुवाडीला हमालांनी पोतं या डब्यातून उचललं आणि त्या डब्यात ठेवलं. त्याच्याबरोबर बिल्टी गेली. पोत्यात काय आहे, किती आहे, कोणाचं आहे, कुठे जायचं आहे, एवढं त्या कागदावर. पोतं कुठल्या गेजवरून आलं हे घेणाऱ्याला कधी विचारावं लागलं नाही.

लातूर ते कुर्डुवाडी सगळा मार्ग रुंद व्हायला २००८ साल उजाडलं, आणि त्याच कामात रेल्वे धाराशिव शहरातून गेली. म्हणजे पहिली गाडी धावल्यापासून एकशे अकरा वर्षं. तुमच्या मित्राने सुचवलेली लायब्ररी म्हणजे ‘आधी दोघांचं गेज एक करू, मग माल पाठवू’. तेवढी वर्षं थांबायची तयारी आहे का तुमची? जोडायचं असतं ते पोतं आणि बिल्टी. रूळ जोडायचे नसतात.

त्या कॅलथ्रॉपचं आणखी एक काम माझ्या मनातून जात नाही. त्याने सगळ्या गाड्यांसाठी एकच मर्यादा बांधली, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. इंजिन असो, मालाचा डबा असो, प्रवाशांचा असो. डबा आतून कसा बांधायचा ते त्याचं त्याने ठरवावं, पण रुळाला जे जाणवणार ते ठरलेलं. दोन प्रोग्रॅममधला करार असाच लिहायचा असतो, जिथे दोघांचा स्पर्श होतो तेवढ्यापुरता आणि तिथे मात्र कडक.

तुमच्या फाइलमध्ये नेमकं उलटं आहे. पहिला गट, तुम्ही टॅगना नावं काय दिलीत? सी१, सी२, सी३. का? तुमच्या डेटाबेसमधल्या टेबलाचे रकाने तसे होते म्हणून. शेतकऱ्याची ओळख म्हणून काय पाठवलंत? ४७. हे सत्तेचाळीस कुठून आलं? टेबलातला ओळ क्रमांक. उद्या तुम्ही टेबल पुसून पुन्हा भरलंत की सत्तेचाळीसावा माणूस दुसराच असेल आणि पगार त्याच्या खात्यावर जाईल. तुम्ही घराच्या भिंती फोडून आतलं सामान रस्त्यावर मांडलंत आणि वाटसरूला म्हणालात, यातलं तुला हवं ते ओळखून घे.

एक्सएमएल १० फेब्रुवारी १९९८ला वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जाहीर केलं, ते कशासाठी? बाइटच्या जागा मोजत वाचायच्या फायली तर त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या. कागदाने स्वतःबद्दल स्वतः बोलावं म्हणून हा खटाटोप झाला. टॅगला नाव असतं ते वाचणाऱ्याने नावाने शोधावं म्हणून. पहिल्या गटाने नावातला अर्थ काढून टाकला आणि दुसऱ्या गटाने नाव न बघता बोटं मोजली. दोघांनी मिळून १९९८च्याही मागे नेऊन ठेवलंत सगळं.

आता मापाकडे या. तुमच्या फाइलमध्ये दूध ‘२०.६’ आहे. २०.६ काय? लिटर की किलो? एका लिटर दुधाचं वजन साधारण १.०३ किलो भरतं. संकलन केंद्रावर काटा आहे, काटा किलो सांगतो. पगाराचा दर लिटरला आहे. २०.६ किलो म्हणजे वीस लिटर. तुम्ही ते २०.६ लिटर धरलंत की दहा दिवसांत सहा लिटरचा फरक पडला. उलट्या बाजूने चुकलात तर तेवढंच शेतकऱ्याच्या ताटातून गेलं. जमिनीचंही तेच. जुन्या कागदावर २.२० एकर लिहिलेलं असतं ते दोन एकर वीस गुंठे, म्हणजे अडीच एकर, कारण एकरात गुंठे चाळीस. तुमचा प्रोग्रॅम ते दोन पूर्णांक दोन दशांश वाचणार. आकडा तोच, दशांशचिन्हासारखा ठिपका तोच, आणि बारा गुंठे हवेत. तारखेचंही तसंच, ०३/०४/२०२५ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, हा आंतरराष्ट्रीय संकेत १९८८पासून आहे. तुम्ही जन्मायच्या आधीपासून. तो न वापरायला तुमच्याकडे कसलंही कारण नाही.

माझ्या बोलण्यात एवढी धार का, असं तुमच्यातल्या कोणाला वाटत असेल तर सांगते. माझे वडील दूध घालायचे. एकदा लागोपाठ दहा दिवस त्यांच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच कोणाचा तरी फॅट छापून येत होता. दोन म्हशी, दोन्ही नुकत्या व्यालेल्या, आणि चिठ्ठीवर फॅट गाईचा. ते विचारायला गेले. उत्तर मिळालं, “मशीनमधून आलंय.” बस्स, एवढंच. ज्याने लिहिलं तो समोर नव्हता, जो समोर होता त्याला काही कळत नव्हतं, आणि वडिलांना लिहिता-वाचता येत असूनही वाद घालायला कागदावर काही नव्हतं. सरकी पेंड त्या महिन्यात उधारीवर आली. आई दुकानदाराशी बोलताना पदर का सावरत होती ते मला फार वर्षांनी कळलं. काल तुम्ही छापलेलं बिल मी हातात घेतलं तेव्हा मला तीच चिठ्ठी दिसली. म्हणून ‘किरकोळ’ हा शब्द मी खोडला.

दुसरा गट, आता तुमच्याकडे वळते. नवा रकाना आला म्हणून तुमचा प्रोग्रॅम चुकला, हा तुमचा दोष. ब्राउझर पहिल्यापासून काय करत आला आहे? ओळखीचा नसलेला टॅग दिसला की तो सोडून पुढे जातो. म्हणूनच नवे टॅग येत गेले तरी जुनी पानं आणि जुने ब्राउझर एका रात्रीत मोडून पडले नाहीत. तुम्हाला हवं ते नावाने मागून घ्या, बाकीच्याला हात लावू नका. एक्सपाथ तुम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवला आहे, तो १९९९पासून नेमकं हेच काम करतो. तुम्ही मात्र अख्खी फाइल उचलून टूलमध्ये घातलीत, क्लास तयार करून घेतलेत आणि रकान्यांचा क्रम कोडमध्ये गोठवलात.

पण सोडून देणं आणि अंदाज बांधणं यात फरक आहे. जॉन पोस्टेलने इंटरनेटच्या नियमांत लिहून ठेवलं होतं की पाठवताना काटेकोर राहा, घेताना उदार राहा. हे वाक्य तुम्ही पाठ केलंत आणि उदारपणाचा अर्थ ‘मिळेल ते गिळा’ असा केलात. नवा टॅग सोडून देणं हा उदारपणा. २८ फॅट मुकाट्याने घेणं हा हलगर्जीपणा. फॅटच्या जागी काहीच नसेल तर शून्य धरणं तर त्याहून वाईट, कारण शून्य हाही एक आकडा आहे आणि त्याचाही हिशेब होतो.

तेर आपल्या गावापासून किती लांब आहे? तिथल्या गोरोबाकाकांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. संत जमले होते, मुक्ताबाईने कच्चं मडकं कोणतं ते पाहायला सांगितलं, आणि काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून पाहिलं. ही गोष्ट कीर्तनात ऐकताना मला नेहमी कुंभाराची रीत दिसते. मडकं कसं घडवलं, माती कुठली, चाक कोणाचं, हे तो विचारत नाही. फोडूनही बघत नाही. बाहेरून ठोकतो, आवाज ऐकतो, आणि कच्चं असेल ते बाजूला ठेवतो. ते पक्क्यांच्या रांगेत जाऊ देत नाही. तुमच्या प्रोग्रॅमच्या दारात थापटणं घेऊन कोणीच उभं नव्हतं. फॅट दोन ते बाराच्या आत आहे का, दूध शून्याहून जास्त आहे का, माप सांगितलं आहे का, तारीख खरी आहे का, हे दारात बघायचं. नापास नोंद परत पाठवायची, कारण लिहून.

पहिल्या गटाने मात्र आता सुटकेचा श्वास सोडू नये. घेणारा नवं सोडून देतो म्हणून वाटेल ते घालायचं नसतं. समजा आज ‘दूध’ म्हणजे लिटर. उद्या तुम्ही शेजारी नवा टॅग घातलात, ‘माप: किलो’. दुसऱ्या गटाचा प्रोग्रॅम शहाण्यासारखा तो अनोळखी टॅग सोडून देणार आणि किलोला लिटर समजणार. त्याचं काही चुकलं नाही, तुम्ही जुन्या शब्दाचा अर्थ गुपचूप बदललात. भर घालणं चालतं, अर्थ बदलणं चालत नाही. अर्थ बदलायचाच असेल तर नवं नाव घ्या, नवी नेमस्पेस घ्या, आणि जुनं काही काळ चालू ठेवा.

नावांवरून आठवलं. तुम्ही दोघांनी शेतकऱ्याचं गाव कसं ओळखलंत? जिल्ह्याच्या नावावरून, तालुक्याच्या नावावरून. धाराशिवच्या मुलांनी ही चूक करावी? २०२३च्या फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. मधला काही काळ दोन्ही नावं कागदांवर होती. ज्या प्रोग्रॅमने नावाला ओळख मानलं त्याच्या लेखी एका जिल्ह्याचे दोन झाले. पण २०११च्या जनगणनेतला जिल्ह्याचा क्रमांक ५२५ तसाच राहिला. गाडीवरचं एमएच २५ तसंच राहिलं. का? त्या आकड्यांत नाव नव्हतं. रेल्वे स्थानकाचं बघा. त्याचं सांकेतिक नाव यूएमडी, ते जुन्या नावाच्या अक्षरांतून बनवलेलं. २०२५च्या जूनमध्ये स्थानक धाराशिव झालं तेव्हा ते सांकेतिक नावही बदलावं लागलं, डीआरएसव्ही झालं. खूण म्हणून जे वापरता त्यात अर्थ कोंबलात की अर्थ बदलताना खूणही मोडते. आणि वाशी लिहिलंत तर कोणतं वाशी? आपला तालुका की नवी मुंबईतलं? कळंब कोणतं, आपलं की यवतमाळचं? देवनागरीत दोन्ही अक्षरशः सारखी.

सारखं दिसण्यावरही भरवसा ठेवू नका. मागच्या आठवड्यात एकीने विचारलं होतं, टॅग मराठीत चालतील का. चालतील, आणि मला आवडतील. पण ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द बघ. त्यातला ऱ्य एका कीबोर्डवरून ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने येतो, युनिकोडमधला ०९३१, मग हलन्त. दुसऱ्या कीबोर्डवरून साधा र, ०९३०, मग हलन्त, मग न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. छापल्यावर भिंगातून पाहिलं तरी फरक दिसणार नाही. संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. र खाली नुक्ता देऊन लिहिलेला ऱ नॉर्मलायझेशन केल्यावर स्वतंत्र ऱ शी जुळतो, पण जोडकवाला जुळत नाही. आपण दिवसातून सगळ्यात जास्त वेळा लिहितो तो हा शब्द, आणि तोच असा फुटतो. म्हणून करारात हेही लिहायचं, कोणता ऱ.

एक शेवटचं, आणि हे थोडक्यात, कारण ते तुम्हाला रोजच्या अनुभवाने कळायला हवं होतं. लाइट जाते. नेटवर्क जातं. फाइल पोचली की नाही कळत नाही, म्हणून पाठवणारा पुन्हा पाठवतो. तुमचा प्रोग्रॅम दोनदा आलेल्या फाइलचे दोन पगार काढतो, मी काल रात्री करून पाहिलं. प्रत्येक फाइलला तिचा क्रमांक हवा, आणि घेणाऱ्याने तो लक्षात ठेवायला हवा. आणि समोरचा बंद असेल तर फाइलने वाट पाहावी, केंद्राने दूध घेणं थांबवू नये. दूध थांबत नाही, नासतं.

आता गुरुवारच्या चाचणीची तयारी. पहिला गट खालच्या खोलीत, दुसरा वरच्या. मध्ये फक्त एक पेनड्राइव्ह, तो मी नेणार-आणणार. फोन माझ्या टेबलावर. फाइल वाटेत माझ्या हातात येईल तेव्हा मी तिच्यात एक रकाना वाढवणार, दोन रकान्यांची अदलाबदल करणार, एका नोंदीतला फॅट २८ करणार, एका गावाचं नाव जुनं टाकणार, आणि तीच फाइल दोनदा देणार. ज्याचा पगार बरोबर निघेल आणि जी नोंद परत यायला हवी ती कारणासकट परत येईल, त्याचा प्रकल्प मी तपासायला घेईन.

बसा आता. लॅपटॉप नाही, कागद काढा, दोन्ही गटांत मिळून एकच. सगळ्यात वर लिहा, हे दूध कशात मोजलं आहे.